'फेसिंग ईस्ट' : मॉर्मन आईबाप, गे मुलगा आणि प्रेक्षक

मीठतळे

परवा दुसऱ्या एका धाग्यावर 'धार्मिक लोक असली नाटकं बघायला जातातच कशाला' अशी चर्चा निघाली होती. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

कॅरल लिन पिअर्सन यांचं 'फेसिंग ईस्ट' हे नाटक नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत प्लॅन-बी थिएटर कंपनीने पहिल्यांदा केलं. दिग्दर्शक जेरी रेपिअर. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कला ऑफ-ब्रॉडवे आणि तिथून सॅन फ्रान्सिस्कोलाही गेलं. मी तेव्हा युटात नवी होते. शेजारीण पक्की मॉर्मन (युटात मुख्यालय असलेला ख्रिस्ती पंथ), पण लेखिकेच्या कविता लहानपणापासून वाचलेली. तिच्याकडे जास्तीचं तिकीट होतं, म्हणून मी गेले.

रंगमंचावर दफनभूमी. अ‍ॅलेक्स आणि रूथ या जोडप्याचा मुलगा अँड्र्यू गे होता, त्याने आत्महत्या केली आहे. प्रार्थना, भाषणं सगळं उरकलंय, माणसं पांगलीत. आणि बाप अडून बसतो. आत्ता झालं त्यात आपला मुलगा कुठेच नव्हता, पुन्हा करू, या वेळी खरं बोलू. आईला हे बिलकूल मंजूर नाही. दोघांची जुंपलेली असताना मार्कस येतो, मुलाचा जोडीदार. आईबाप त्याला पहिल्यांदाच बघताहेत. तीनच पात्रं. मॉर्मन माणसाला पुरताना तोंड पूर्वेला ठेवायची पद्धत आहे, पुनरुत्थानाच्या दिवशी उठेल तेव्हा समोर सूर्य यावा म्हणून. शेवट सांगत नाही.

मला लिहायचंय ते प्रेक्षागृहाबद्दल. प्रेक्षकांत उघडउघड दोन गट होते. एक शहरातला नेहमीचा नाटकवाला वर्ग, आणि दुसरे आमच्या शेजारणीसारखे, रविवारच्या कपड्यांत आलेले, हातात हात धरून बसलेले पन्नाशी-साठीचे जोडपेवाले. पहिला गट बापाच्या प्रत्येक उपरोधिक वाक्याला हसत होता. दुसरा गट हसत नव्हता. रूथ बोलायला लागली की मात्र नाकं ओढल्याचे आवाज यायचे. गंमत म्हणजे (गंमत कसली) मार्कस बोलायला लागला की त्याच रांगांमध्ये चुळबुळ, खोकले, खुर्च्यांची करकर.

बाहेर आल्यावर शेजारणीने पहिली तक्रार काय करावी? दफन असं मधेच थांबवता येत नाही, दफनभूमीची माणसं थांबणारच नाहीत. मग म्हणे अंत्यविधीनंतर चर्चच्या वॉर्डातल्या बायका जेवण घेऊन थांबलेल्या असतात, आईबाप इतका वेळ दिसले नसते तर कुणीतरी शोधायला आलं असतं. हे ती पार घर येईपर्यंत सांगत होती. नंतर इथल्या आणखी काही ओळखीच्या मॉर्मन लोकांशी या नाटकावर बोलणं झालं, तेव्हाही हेच. मूळ दुखण्याला हात लावायचा नसला की माणूस तपशिलाची खोट काढतो.

आता त्या जेवणाबद्दल सांगतेच. 'फ्युनरल पोटॅटोज' असं खरोखरच नाव आहे. किसलेला बटाटा, चीज, सावर क्रीम, डब्यातलं चिकन सूप, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स आणि बटर, आणि भट्टीत. मयताच्या घरी वॉर्डातल्या बायका हे करून नेतात. वॉर्ड म्हणजे चर्चचा मोहल्ला समजा. कोण आजारी, कुणाची नोकरी गेली, कुणाचा पोरगा मिशनवर (धर्मप्रचाराला) गेलाय, सगळं तिथे माहीत. त्यातून उठून जायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायला वेळ लागतो.

आणि रूथचं दुःख समजायला त्यांचा धर्म थोडा समजावा लागतो. मॉर्मन देवळात लागलेलं लग्न मरणाबरोबर संपत नाही, ते अनंतकाळासाठी बांधलं जातं, मुलंही त्याच साखळीत. स्वर्गाला पायऱ्या आहेत आणि सगळ्यात वरच्या पायरीला लग्न लागतं, तेही स्त्री-पुरुषाचं. समलिंगी आकर्षण असणं हे पाप नाही, त्याप्रमाणे वागणं पाप, असं चर्च सांगतं. म्हणजे रूथच्या हिशेबाने पोरगा पुढच्या जगातही ताटावर नसणार. ती दुष्ट नाहीच. शिकवलेलं गणित ती प्रामाणिकपणे शेवटपर्यंत सोडवते आहे. समोरच्या बायका तिच्यासाठी रडत होत्या ते म्हणूनच.

---

चकली_भाजणी

छान परिचय. एक भाबडा प्रश्न. मॉर्मन म्हणजे ते अनेक बायका करणारेच ना? मग त्यांनी दुसऱ्यांच्या लग्नाच्या व्याख्या कराव्यात?

---

मीठतळे

हा प्रश्न इथे अमेरिकनही विचारतात. :) मुख्य चर्चने बहुपत्नीत्व १८९० मध्ये अधिकृतपणे बंद केलं. आता कुणी केलं तर चर्चमधून काढतात. काही फुटून निघालेले पंथ अजून करतात, ते वेगळे. पण टोमणा रास्त आहे. एकेकाळी लग्नाच्या पद्धतीवरूनच या लोकांमागे सरकार लागलं होतं.

---

सडेतोड_सदू

माझं मत स्पष्ट आहे. चर्च हा एक क्लब आहे. नियम पटत नसतील तर राजीनामा द्या, बाहेर पडा, मजेत राहा. नियमही आमच्या सोयीने बदला आणि नाही बदलले तर तुमच्यावर नाटक लिहून रडवतो, हे काय? आणि आपल्याला इथे पुण्यात बसून त्या युटाच्या लोकांचं काय पडलंय?

---

मीठतळे

सदूभाऊ, त्या क्लबात आठव्या वर्षी बाप्तिस्मा होतो. आठव्या वर्षी तुम्ही कुठल्या क्लबाचे नियम वाचून सही केली होती?

बाहेर पडण्याची किंमतही बघा. चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकणाऱ्या मॉर्मन मुलाने चर्च सोडलं तर त्याला तिथे पुढे शिकता येत नाही. देवळातल्या लग्नाला आत जायला चर्चचं परवानापत्र लागतं. ते नसेल तर सख्ख्या बहिणीचं लग्न लागत असताना तुम्ही बाहेर हिरवळीवर उभे. ही मी स्वतः बघितलेली गोष्ट आहे, सूट घालून उन्हात ताटकळलेला भाऊ.

पुण्यात बसून काय पडलंय, याला उत्तर नाही. धागा उघडलात, प्रतिसाद दिलात, तुम्हीच सांगा.

---

वांगी_भरीत

शेवटच्या ओळीला मोदक घ्या.

---

तिसरी_घंटा

या लेखिकेचं आयुष्य या नाटकाइतकंच विलक्षण आहे, ते मूळ लेखात यायला हवं होतं. पिअर्सनबाईंचा नवरा जेराल्ड गे होता. चार मुलं झाली, १९७८ मध्ये घटस्फोट झाला, पण मैत्री राहिली. त्याला एड्स झाला तेव्हा तो बाईंच्याच घरी परत आला. १९८४ मध्ये तो गेला, तोवर यांनी सेवा केली. त्यावर त्यांनी १९८६ मध्ये पुस्तक लिहिलं. पुढे त्यांच्या मुलीने ज्या मुलाशी लग्न केलं, तो स्टीव्हन फेल्ससुद्धा गे निघाला. त्याला चर्चने काढलं, आणि त्याने त्यावर एकपात्री प्रयोग केला. तोही न्यूयॉर्कला झाला, २००६ मध्येच.

एवढं होऊन बाई चर्चमध्येच राहिल्या. माझ्या मते प्रेक्षक रडले त्याचं कारण हे आहे. बाहेरच्याने लिहिलं असतं तर 'आमची बदनामी' म्हणून विषय मिटला असता. आपल्यातल्याच बाईने, जिच्या कविता आपण मंडळात वाचल्या, तिने लिहिलं की कान बंद करायला सबब उरत नाही.

---

गिरगाव_ते_गोरेगाव

मी न्यूयॉर्कला 'द बुक ऑफ मॉर्मन' हे विनोदी संगीत नाटक बघितलं होतं. हसून हसून पोट दुखलं. त्यातही एक मिशनरी आहे जो नको ते विचार आले की दिवा बंद करावा तसे बंद करतो. म्हणजे विषय तोच ना?

---

तिसरी_घंटा

विषय तोच, पण तिथे तुम्ही मॉर्मनांना हसता आणि घरी जाता. चर्चने त्यावर तक्रार न करता उलट त्याच नाटकाच्या माहितीपत्रिकेत जाहिरात दिली, नाटक पाहिलंत, आता पुस्तक (म्हणजे त्याच नावाचा त्यांचा धर्मग्रंथ) वाचा अशा अर्थाची. हुशार माणसं. 'फेसिंग ईस्ट'च्या पत्रिकेत अशी जाहिरात कशी देणार?

---

तळटीप

मी गे आहे, बत्तीस वर्षांचा, ठाण्यात राहतो. हे इथे आधीही सांगितलंय, त्यामुळे धक्का वगैरे नको.

मीठतळे, लिहिलंय सुंदर. पण मला या प्रकारच्या नाटकांचा मनापासून कंटाळा आलाय. पडदा वर जायच्या आधीच मुलगा मेलेला. आता सगळं आईबापाचं. त्यांचा अपराधीपणा, त्यांची श्रद्धा, त्यांचे अश्रू. तो काय खायचा, कुणावर चिडायचा, रविवारी किती वाजता उठायचा, हे आपल्याला दुसऱ्यांकडून कळणार. मेलेल्या मुलाला माफ करणं फार सोपं असतं हो, तो उलट उत्तर देत नाही. हाच अँड्र्यू जिवंत असता, मार्कसला घेऊन थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला दारात उभा राहिला असता, तर त्या रविवारच्या कपड्यांतल्या रांगा रडल्या असत्या का? तुमच्याच लेखात उत्तर आहे. मार्कस बोलला की खोकले.

---

अ_अननसाचा

+१००. खोकल्यांचा मुद्दा वाचून काटा आला.

---

तिसरी_घंटा

तळटीप, तुमची तक्रार जुनी आणि खरी आहे. तेंडुलकरांचं नाटक 'मित्राची गोष्ट' १९८१ मधलं, त्यातली समलिंगी नायिका मित्रा रोहिणी हट्टंगडींनी केली होती. मराठी रंगभूमीच्या मानाने केवढं धाडस! पण तिथेही शेवटी मित्रा मरतेच.

तरी लेखिकेची थोडी बाजू घेतो. नाटक कुणासाठी लिहिलंय यावर मध्यभागी कोण उभं राहणार ते ठरतं. पिअर्सनबाईंना त्या मागच्या रांगेतल्या आईबापांना पकडायचं होतं. तुम्हाला पकडायची त्यांना गरज नव्हती, तुम्ही त्यांच्या बाजूचेच.

दुसरं उदाहरण टोनी कुशनरच्या 'एंजल्स इन अमेरिका'मधलं. ब्रॉडवेवर १९९३ मध्ये आलं, पुलित्झरही त्याच वर्षी. त्यात जो पिट हा मॉर्मन वकील रात्री उद्यानातून आईला फोन करून सांगतो की मी गे आहे. आई हॅना, सॉल्ट लेकची. ती त्याला झिडकारते, घरी जा म्हणते, आणि मग स्वतःचं घर विकून न्यूयॉर्कला येऊन धडकते. तिथे ती कुणाची होते? पोटच्या पोराची नाही. एड्स झालेल्या प्रायर नावाच्या परक्या मुलाला दवाखान्यात नेते, त्याच्या उशाशी बसते, आणि शेवटच्या प्रवेशात त्याच्या गोतावळ्यात असते. तिचा जो मात्र त्या गोतावळ्यात नाही. मला ही फार खरी निरीक्षणाची जागा वाटते. परक्याच्या मुलाचं समजून घेताना आईवर कसलीच जबाबदारी नसते. कोणी हिशेब मागत नाही, तुझ्या संस्कारांत काय कमी पडलं म्हणून.

---

तळटीप

हे पटलं. माझ्या मित्रांच्या आया मला 'बाळा जेवलास का' विचारतात. माझी आई हवामानाबद्दल बोलते.

---

बेएरियाकर

थोडी राजकीय भर घालतो. 'फेसिंग ईस्ट' सॅन फ्रान्सिस्कोला २००७ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी आमच्याकडे प्रपोझिशन ८ आलं. समलिंगी विवाह बंद करणारी घटनादुरुस्ती. मॉर्मन चर्चने जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या सभांमध्ये पत्र वाचून दाखवलं की वेळ आणि पैसा द्या. दिला लोकांनी, भरपूर. ५२ टक्क्यांनी मंजूर झालं. पिवळ्या-निळ्या पाट्या गल्लीगल्लीत, एक आमच्या ओळखीच्या देशी घरासमोरसुद्धा. त्यांना विचारलं तर म्हणाले, शेजारी चांगले आहेत, त्यांनी लावू का विचारलं, नाही कसं म्हणायचं.

माझ्या ऑफिसातला मॉर्मन सहकारी तेव्हा दर शनिवारी दारोदार प्रचाराला जात होता. त्याचा धाकटा भाऊ गे आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्याने नाटक पाहिलं असतं तर तो रडला असता, आणि शनिवारी पुन्हा पत्रकं वाटायला गेला असता. त्यामुळे प्रेक्षागृहातल्या अश्रूंवर माझा फार भरवसा नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चर्चने अजून कडक नियम काढला. समलिंगी लग्न केलेले धर्मत्यागी ठरणार, आणि अशा जोडप्याकडे राहणाऱ्या मुलांना अठरा वर्षांचे होईपर्यंत बाप्तिस्मा नाही. एप्रिल २०१९ मध्ये तो मागे घेतला. साडेतीन वर्षं! त्या काळात आठ वर्षांचं झालेल्या पोराला काय सांगितलं असेल घरच्यांनी?

---

सडेतोड_सदू

मुलांना मधे आणणं मलाही पटलं नाही. हे नवीन कळलं. बाकी मत कायम.

---

मीठतळे

बेएरियाकर, अश्रूंबद्दल मान्य. पण सगळंच वाया जातं असंही नाही. २०१५ च्या त्या नियमानंतर इथे बऱ्याच मॉर्मन घरांतून नुसती कुजबुज नाही, तर उघड नाराजी ऐकू आली. गे मुलांच्या मॉर्मन आयांचा एक गट तर 'मामा ड्रॅगन्स' नावाने त्याआधीच उभा राहिला होता. माझ्या शेजारणीने त्यात पाऊल ठेवलं नाही हेही सांगते. ती अजून दफनभूमीच्या माणसांवरच आहे.

---

मोगरा६२

मी फारसं लिहीत नाही, वाचते. आज राहवलं नाही.

माझा मुलगा गे आहे. बंगळूरला असतो. त्याने सांगितलं तेव्हा आम्ही डोंबिवलीत वधूवर सूचक मंडळात त्याचं नाव घातलेलं होतं, फी भरून. ह्यांनी तिथे जाऊन नाव काढायला सांगितलं. तिथल्या बाईंनी कारण विचारलं, फॉर्मवर रकाना असतो. हे म्हणाले, जमलं. बाईंनी अभिनंदन केलं आणि पेढे मागितले. हे खरोखर पेढे घेऊन गेले दुसऱ्या दिवशी! मला हे सगळं दोन वर्षांनी सांगितलं.

चेतन दातार यांचं 'एक माधवबाग' आम्ही बघितलं, मोना अंबेगावकर करतात ते. त्यातली आई मुलाचं लिखाण वाचते आणि तिला कळतं. एकटी बाई बोलते आहे, दुसरं कोणी नाही. ह्यांनी पूर्ण वेळ पार्किंगच्या पावतीच्या घड्या घातल्या, प्रयोग संपला तेव्हा तिचा भुगा झाला होता. पार्किंगवाल्याशी भांडण झालं ते वेगळंच.

तळटीप म्हणतात तसं मला नाही वाटलं, कारण त्या नाटकात मुलगा मेलेला नाही. आईला उद्या सकाळी त्याच्याशी बोलायचंच आहे. ते मला जास्त अवघड वाटलं. रूथबाईंचं काय, ज्याच्याशी भांडायचं तो गेला. आमच्याकडे रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल.

आणि मीठतळे, तुम्ही परलोकाबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. सासूबाई तेव्हा होत्या. आम्ही त्यांना सांगणार नव्हतो, त्यांनी ऐकलंच. दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, श्राद्ध घालेल ना तो? मी म्हटलं घालेल. मग झालं तर, म्हणाल्या, आणि ताक मागितलं. आपल्या धर्माला काही वेळा असल्या पळवाटा असतात त्याचे आभार मानते. लग्नाच्या हॉलमधल्या बायकांना मात्र पळवाट नाही. त्या अजून विचारतात.

---

चकली_भाजणी

मोगराताई __/\__ पेढ्यांवर हसू का रडू कळेना.

---

तळटीप

काकू, तुमच्या ह्यांना माझा नमस्कार सांगा. पार्किंगवाल्याशी भांडणाऱ्या बापाचं नाटक कोणीतरी लिहा. मी पहिल्या रांगेत येतो.

---

सडेतोड_सदू

मोगराताई, तुमचा प्रतिसाद आवडला. माझा मुद्दा तुमच्यासारख्यांबद्दल नव्हताच.

---

तळटीप

सदूकाका, मग कोणाबद्दल होता? दर वेळी समोरचं माणूस ओळखीचं निघालं की मुद्दा 'त्यांच्याबद्दल' नसतो.

---

चकली_भाजणी

थोडं अवांतर, पण गरजेचं. विषयात आत्महत्या आहे आणि धागा कोण वाचतंय माहीत नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. आता पुढे चालू.

---

तिसरी_घंटा

आमचा ठाण्याला वाचनकट्टा आहे. 'फेसिंग ईस्ट'चं मराठी अभिवाचन करावं असं हा धागा वाचून डोक्यात आलं. तीनच पात्रं, नेपथ्य नको, दीड तासात होईल. नावं-गावं बदलून ते देशी करायला माझा विरोध आहे. रूथला रुक्मिणी केली की तो अनंतकाळाचा पेच निघून जातो, उरतो फक्त 'लोक काय म्हणतील'. युटा युटातच ठेवायचं. हक्कांसाठी रीतसर परवानगी मागावी लागेल. मीठतळे, तुम्ही तिथे आहात, पत्रव्यवहाराला मदत कराल? आणि मोगराताई, डोंबिवली जवळच आहे. रूथ वाचाल?

---

मीठतळे

परवानगीसाठी कुणाला लिहायचं ते शोधून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. अनुवाद मात्र मॉर्मन शब्द ठाऊक असलेल्या कुणाकडून तपासून घ्या, बिशपला पुजारी केलंत तर सगळं गडबडेल. त्यांचा बिशप, म्हणजे वॉर्डाचा प्रमुख, पगारी धर्मगुरू नसतो. सोमवारी दात काढणारा डेंटिस्ट रविवारी बिशप असतो. तुमच्या मुलाची चौकशी तोच करतो आणि त्याचा मुलगा तुमच्या मुलाबरोबर बास्केटबॉल खेळतो.

---

तळटीप

मार्कस मी वाचणार. खोकणाऱ्यांना आधीच गोळ्या वाटा.

---

मोगरा६२

रूथ वाचीन. घरी विचारलं, हे म्हणाले अ‍ॅलेक्स कोण वाचणार आहे, म्हणजे इच्छा आहे असं समजा.

फक्त एक अट. प्रयोग झाल्यावर मानसोपचारतज्ज्ञ बोलावून चर्चा ठेवायची नाही. दर वेळी ठेवतात. मग ते डॉक्टर माइक हातात घेऊन माझ्याकडे बघून सांगतात की पालकांनी स्वीकार कसा करावा. ते असेल तर मी येणार नाही.